ओढ नाही

गुरुवारी चार वाजता मफलरताई आल्या, खुर्चीत मागे रेलल्या, हनुवटीपर्यंत गुंडाळलेला मफलर सोडून त्याची मांडीवर घडी घातली, आणि भिंगाचा दिवा तोंडावर यायच्या आतच म्हणाल्या, "धाकट्या बाई, आज काय ते एकदा खरं सांगा. उपयोग होतोय का ह्याचा?"

धाकटी हात पुसत होती. हा प्रश्न तिला नवा नव्हता. विजेनं चेहऱ्यावरचे केस मुळासकट काढायच्या, इलेक्ट्रोलिसिसच्या, खुर्चीत बसणारी प्रत्येक बाई तो कधी ना कधी विचारतेच. बहुतेक जणी हसत विचारतात, काही रडत. मफलरताईंनी तो असा विचारला की तिला टॉवेल खुंटीला अडकवायचंही सुचेना.

चष्म्याच्या दुकानावरची ही पहिल्या मजल्यावरची खोली. आधी इथे सासूबाई एकट्या काम करायच्या, मग त्यांनी सुनेला हाताखाली घेतलं. येणाऱ्या बायकांनी दोघींची नावं कधी विचारली नाहीत. एक मोठ्या बाई, एक धाकट्या बाई, काम भागलं. मोठ्या बाई जाऊन आता आठ महिने झाले. धाकटी एकोणपन्नास वर्षांची आहे, कानशिलं पांढरी झाली आहेत, तरी धाकटीच आहे. हा हुद्दा काही तिला सोडणार नाही, तेव्हा आपणही तेच म्हणू.

"उपयोग होतो, ताई," ती म्हणाली. "पण वेळ लागतो."

"वेळ! पाच वर्षं होऊन गेली. मोठ्या बाई होत्या तेव्हा हनुवटी कशी लोण्यासारखी होती. दर गुरुवारी यायचं, उठताना हात फिरवला की एक खुंट लागायचा नाही. तुम्ही तीन-तीन आठवड्यांनी बोलावता, आणि मधल्या दिवसांत मी आरशासमोर कात्री घेऊन उभी असते. तुमचा हात वाईट आहे असं म्हणत नाही मी. पण हातगुण असतो एकेकाचा. त्यांच्या हाताला यश होतं."

नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं धाकटीला, पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यात सुई घालायची असताना रागावून चालत नाही. तिनं दिवा पुढे ओढला.

"आज नाही तर पुढच्या गुरुवारी सांगा मला, मी मुद्दाम येते," मफलरताई वर छताकडे बघत म्हणाल्या. "ग्रंथालयात सतरा वर्षं मी मागच्या खोलीत बसून फाटकी पुस्तकं शिवतेय. तिथं कुणी तोंड बघत नाही. आता म्हणतात, समोरच्या टेबलावर या, पुस्तकं देण्याघेण्याचं काम तुम्हीच बघा. त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, उत्तर द्यायचंय. दिवसभर माणसं समोर येणार, बाई. हे जाणार असेल तर मी हो म्हणते. नसेल तर तसं सांगा, मी इथलं येणंही बंद करते आणि मागच्या खोलीतच मरते."

"असं का बोलता?"

"मग कसं बोलू?"

ह्या कामाची गंमत अशी आहे की ते सांगायला दोन वाक्यं पुरतात आणि शिकायला दहा वर्षं पुरत नाहीत. केसाहून बारीक सुई केसाच्या कडेनं मुळापर्यंत सोडायची, पायाखालचं बटण क्षणभर दाबून वीज द्यायची, आणि चिमट्यानं केस उचलायचा. मूळ जळलं असेल तर केस अलगद सुटून येतो, जणू निघायचीच वाट बघत होता. पण उचलताना जर तो जरासा जरी अडला, कातडी किंचित जरी त्याच्यामागे उभी राहिली, तर समजायचं की मूळ जिवंत आहे. आपण केस नुसता उपटला. तो महिन्या-दोन महिन्यांत परत उगवणार. त्या अडण्याला मोठ्या बाई 'ओढ' म्हणायच्या. ओढ लागली की हुकलं, ओढ नाही म्हणजे साधलं. बाकी सगळं यंत्र करतं. ओढ तेवढी बोटांनाच कळते.

आणि तीच खरी परीक्षा, कारण आरसा काही सांगत नाही. चेहऱ्यावरचे सगळे केस एकदम वर येत नाहीत, निम्म्याहून जास्त कातडीखाली झोपलेले असतात. आज काढलेल्याच्या शेजारी महिन्यानं दुसरा जागा होतो, आणि बाईला वाटतं, तोच परत आला. खरं काय ते कळायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर तिनं विश्वासावर राहायचं. ह्या धंद्यात थाप मारायला दीड वर्षाची मोकळीक असते, असं धाकटीचा नवरा म्हणायचा, आणि आईच्या हातची चापट खायचा.

त्या दिवशी मफलरताईंच्या हनुवटीवरचे बावीस केस धाकटीनं काढले. सोळावा केस अडला. अगदी जरासा. आणि तिच्या उजव्या कानामागून, नेहमीच्या जागेवरून, आवाज आला: "ओढ लागली का ग?"

मोठ्या बाई गेल्यावर ज्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी ह्या खुर्चीमागे बसली, त्या दिवसापासून हा आवाज येत होता. मोठा नव्हता, रागीटही नव्हता. तिचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, पण भुताखेतांना त्याचं फारसं वाटत नसावं. घरात कधी आवाज आला नाही, जिन्यात आला नाही, नवऱ्याला कधी ऐकू आला नाही. फक्त इथे, हातात चिमटा असताना यायचा. ती मान वळवून बघायची नाही. मागे भिंत आहे हे तिला माहीत होतं, आणि नुसती भिंतच दिसेल ह्याची तिला खात्री नव्हती.

मफलरताई गेल्यावर तिनं कपाटातून त्यांच्या नोंदवह्या काढल्या. हातगुण म्हणे! बघू तरी.

मोठ्या बाईंची शिस्त कडक होती. प्रत्येक बाईची वेगळी वही, पहिल्या पानावर चेहऱ्याचा नकाशा, नकाशावर चौकोन, चौकोनांना आकडे. मग तारीखवार: कुठला चौकोन, किती मिनिटं लागली, किती केसांना ओढ. "काम चाललंय की नाही हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, स्वतःलाही विचारायचं नाही, वहीला विचारायचं," असं त्या म्हणायच्या. चाललं असेल तर मिनिटं उतरत जातात. केसच कमी होतात, तर मिनिटं कशी टिकतील?

पहिल्या वर्षी मफलरताईंचा वरचा ओठ केला होता. पंचेचाळीस मिनिटं, चाळीस, पंचवीस, दहा, चार. ओढ तीन, ओढ दोन, ओढ दोन, ओढ एक. मग रेघ मारून 'संपला'. तो ओठ आजही स्वच्छ होता. धाकटीनं तासापूर्वीच भिंगाखाली बघितला होता. काय हात होता, असं तिच्या मनात आलं.

मग हनुवटी. पस्तीस मिनिटं, ओढ चार. पस्तीस, ओढ पाच. तेहेतीस, ओढ तीन. आणि मग एका बुधवारची तारीख, वार चुकीचा, कारण मफलरताई गुरुवारच्या. बुधवारी कुणाचं नाव नव्हतं, चौकोन नव्हता, नुसती पाच बारीक टिंबं दिलेली एक रेघ होती. तिच्याकडे धाकटीनं फार वेळ बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुढे: पस्तीस मिनिटं, ओढ नाही. पस्तीस, ओढ नाही. पस्तीस, ओढ नाही.

ती पानं उलटत राहिली. तीन आठवड्यांनी बोलावणं होतं ते पुढे दोनाचं झालं, मग दर गुरुवारचं. चार वर्षं, पावणेदोनशे खेपा, प्रत्येक खेपेला ओढ नाही आणि प्रत्येक खेपेला पस्तीस मिनिटं.

ओढ न लागता निघालेला केस परत येत नाही. मग दर गुरुवारी हे पस्तीस मिनिटांचे केस येत कुठून होते?

तिनं दुसऱ्या बाईची वही काढली. मग तिसरीची. अकरा वह्या निघाल्या. अकराही वह्यांत तोच गुरुवार येईपर्यंत ओढ होती, आणि त्यानंतर एकदाही नव्हती. एवढी चोख वही कुणाची नसते. देवाचीही नसेल.

ते दिवस तिला चांगले आठवत होते. मोठ्या बाई संध्याकाळी घरी येऊन मुलाला सांगायच्या, "तीस वर्षांनी हात बसला रे माझा! आज एकालाही ओढ लागली नाही." साठी उलटून गेलेली बाई, पण पहिला नंबर आलेल्या पोरीसारखी हसायची. आणि मग सुनेची वही मागून घ्यायची, बोट ठेवून म्हणायची, "तुझ्यात अजून दिसतेय हो ओढ." धाकटी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची. चार वर्षं तिनं त्या हाताचा हेवा केला. आपल्याला हे कधीच जमणार नाही, असं मनाशी धरून ती दहातल्या एका केसाला ओढ लिहीत राहिली.

आता तिला दुसरंच आठवायला लागलं. मोठ्या बाईंना साखरेचा आजार होता, खूप वर्षांचा. दुधाचं पातेलं त्या फडकं न घेता उतरवायच्या आणि घरातली सगळी कौतुक करायची, आईचे हात म्हणजे लोखंड. एकदा त्या झग्याची शिवण दुरुस्त करत बसल्या होत्या. कापडावर लाल ठिपके पडत होते. त्यांनी झगा उजेडात धरला आणि विचारलं, "हे रक्त कुणाचं ग?" टाचणी त्यांच्याच बोटात अर्धी रुतलेली होती.

मेलेल्या बोटांना ओढ कुठून कळणार? सुई तळाशी टेकली की हाताला कळतं, तेही त्यांना कळत नसणार. वीज जाईल तिथे जात होती, केस उपटून निघत होता, आणि हात सांगत होता, वा, कसा अलगद आला. त्यांनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. प्रत्येक 'ओढ नाही' त्यांच्या बोटांपुरतं खरं होतं. धाकटीनं वह्यांचा ढीग उचलून कपाटात परत ठेवला.

घरी नवरा शर्टांना इस्त्री करत होता. तिनं चहाही न टाकता सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत एकाच बाहीवर इस्त्री फिरवत राहिला.

"तुझं म्हणणं काय? माझ्या आईनं बायकांना फसवलं?"

"फसवलं नाही हो. त्यांना कळलंच नाही."

"बरंय तुझं. ती बोलायला नाही आता."

हे लागलं तिला. पण ह्याच्यापुढे कुणीही हेच म्हणणार हे तिला दिसत होतं. सासू गेली आणि सुनेनं खापर फोडलं. अकरा घरांत चर्चा होईल, खालचा चष्मेवाला जिन्यात थांबवून विचारेल. आणि मफलरताईंना पुढच्या गुरुवारी "धीर धरा" म्हटलं की झालं. हनुवटीवरचे केस आता ती खरे काढत होती, वर्ष-दीड वर्षात निघतीलच. कुणाला काय कळणार? फक्त मफलरताई समोरच्या टेबलाला नाही म्हणतील, किंवा हो म्हणतील आणि पस्तावतील.

नवऱ्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं.

"तिची चप्पल निसटायची रस्त्यात," तो म्हणाला. "एका पायातली. आणि ती तशीच चालत राहायची, अनवाणी, दगडांवरून. मी मागून चप्पल उचलून न्यायचो. म्हणायचो, आई, ध्यान कुठं असतं तुझं? ती हसायची." त्यानं बाही झटकली. ती करपली होती. "मला वाटायचं, वय झालं, विसरते."

"सांगू का मी त्यांना?"

"मला नको विचारूस," तो म्हणाला. "माझी आई आहे ती."

तो आठवडा वाईट गेला. आवाज आता ओढ लागली नाही तरी यायला लागला. सुटून आलेल्या केसालाही तो विचारायचा: "लागली का ग?" धाकटीची बोटं घामेजायची, चिमटा निसटायचा. एका बाईनं विचारलं, "बाई, बरं नाहीये का?" तिनं खिडकी उघडली, पंखा लावला, मोठ्या बाईंची गादी स्टुलावरून काढून कपाटात कोंबली. काही उपयोग झाला नाही. ती मनातल्या मनात चिडून म्हणायची, आता कशाला माझी परीक्षा घेता, आई? तुमचीच वही बघितलीय मी. तरी आवाज चिडायचा नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

गुरुवारी मफलरताई आल्या तेव्हा धाकटीनं खुर्ची मागे झुकवलीच नाही. त्यांच्या मांडीवर वही ठेवली.

"ताई, तुम्ही विचारलं होतंत. ओठ संपलाय, तो परत येणार नाही. मान सहा महिने मी करतेय, तिथं पन्नास मिनिटांची वीस झालीत, तिथंही उपयोग होतोय. हनुवटीवर झाला नाही. चार वर्षं तिथं केस नुसते उपटले गेले. मोठ्या बाईंच्या बोटांतला जीव गेला होता, त्यांना ओढ कळत नव्हती. उपटून उपटून मुळं वाकडी झालीत, त्यामुळे माझीही सुई कधी कधी हुकते. तिथं आपण पहिल्यापासून सुरुवात केलीय, असं धरा. अजून एखादं वर्ष तरी जाईल, जास्तच. हे मी गेल्या खेपेला सांगायला हवं होतं."

एका दमात बोलून ती थांबली. मफलरताईंनी वही वाचली. आयुष्य पुस्तकं शिवण्यात गेलेलं, त्यामुळे आधी त्यांनी वहीचा कणा चाचपला, मग पानं. त्या रडतील, ओरडतील, उठून जातील, सगळ्याची तयारी धाकटीनं केली होती.

"मला माहीत होतं," मफलरताई म्हणाल्या.

"काय?"

"ओढ लागायची ते. माझंच तोंड आहे ना, बाई. प्रत्येक केसाला लागायची. डोळ्यांतून पाणी यायचं, मी म्हणायचे, दिव्यानं येतंय."

"मग बोलला नाहीत?"

मफलरताईंनी वही मिटली. "त्या विचारायच्या. आधी कधी विचारायच्या नाहीत. एका गुरुवारी एकदम विचारायला लागल्या. 'ओढ लागली का ग, बाळा?' पहिल्या केसाला मी म्हटलं, हो, लागली थोडी. तेव्हा त्यांचा चेहरा बघितला असतात तुम्ही! हातातला चिमटा तसाच वर, आणि अशा बघत राहिल्या, जशी मीच त्यांना काही वाईट बातमी सांगितली. मग दुसरा केस काढला. परत विचारलं. मी म्हटलं, नाही. तिसऱ्याला विचारलं. नाही. मग त्या हसल्या. पुढं चार वर्षं मी नाहीच म्हणत आले."

धाकटी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"माझ्या तोंडाला दुसरं कुणी हात लावत नाही," मफलरताई म्हणाल्या. "आईनंही लावला नाही, ती गेली तोवर. मोठ्या बाई गाल हातात धरायच्या, बाळा म्हणायच्या. मी खरं बोलले असते तर त्यांनी काम सोडलं असतं. मग मी कुठं गेले असते दर गुरुवारी? त्या गेल्यावर मला सगळ्यांचाच राग आला. काढला तो तुमच्यावर."

म्हणजे मोठ्या बाईंना शंका आली होती. वहीला विचारा म्हणणारी बाई गिऱ्हाइकाला विचारायला लागली होती, कारण स्वतःच्या बोटांवर तिचा भरवसा उरला नव्हता. अकरा जणींना तिनं विचारलं असणार, केसागणिक, गाल हातात धरून. आणि अकरा जणींनी तिचं मन राखलं.

पण त्या बाराजणी होत्या. आठवडाभर ज्या तारखेवरून ती नजर सरकवत होती, ती आता समोर उभी राहिली.

"त्या बुधवारी मी होते इथं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "दुपारी कुणी यायचं नव्हतं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, बस ग जरा, मला एक बघायचंय. इथं, जबड्याखाली, माझे पाच केस काढले. आणि दरवेळी विचारलं, ओढ लागली का ग? पाचहीना लागली, ताई. पाचवा तर असा निघाला की माझी मूठ आवळली गेली. मला तर कळत होतं ना ते काय आहे! तुम्हाला नसेल, पण मी तेच काम करत होते त्यांच्या शेजारी बसून."

"आणि?"

"मी म्हटलं, नाही, आई. अजिबात नाही. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी दार लोटलं, काच वाजली.

"त्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे हो," धाकटी म्हणाली, कारण आता अर्धवट सांगण्यात अर्थ नव्हता. "मी हो म्हटलं असतं, तर त्या दिवशी त्या उठल्या असत्या आणि हे स्टूल माझ्याकडे आलं असतं. मला भीती वाटत होती एकटीनं इथं बसायची. तेवढ्यासाठी. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. गिऱ्हाइकं मन राखतील हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर मला विचारलं आधी. माझं नाही ऐकूनच त्यांनी दुसऱ्या दिवशी वहीत तसं लिहिलं."

आठ महिने तिला वाटत होतं, सासूबाई आपल्याला रागावतायत. तो आवाज रागावत नव्हताच. तो विचारत होता. त्या बुधवारी विचारलेलंच परत विचारत होता, आणि तिच्याकडे उत्तर असून तिनं ते दिलं नव्हतं. धाकटी तोंडावर हात ठेवून रडली, न्हाणीघर नाही, नळ नाही, गिऱ्हाइकासमोर.

मफलरताईंनी तिला रडू दिलं. माफ केलं म्हणाल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. मग वही बाजूच्या टेबलावर ठेवून त्या स्वतःच खुर्ची मागे झुकवून रेलल्या.

"आणखी एक वर्ष म्हणता?"

"जास्तच."

"मग मी मफलर घालूनच बसते समोर. सतरा वर्षं मागं बसून काय मिळालं? बघणारे बघतील." त्यांनी डोळे मिटले. "करा सुरू. आणि उरलेल्या दहा जणींना तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून नको."

"सांगते," धाकटी म्हणाली. तिनं हात धुतले, पुसले, दिवा ओढला. भिंगाखाली हनुवटी मोठी झाली, वाकड्या मुळांच्या खुणा दिसायला लागल्या. तिनं एक जाड केस निवडला, सुई सोडली, बटण दाबलं, मनात सावकाश मोजलं आणि चिमट्यानं उचललं. केस अलगद आला. कुठंही अडला नाही. ह्या हनुवटीवर इतका सहज आलेला हा पहिलाच केस होता, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"लागली," मफलरताई म्हणाल्या.

धाकटी थांबली. "काय म्हणालात?"

"ओढ. चांगलीच लागली. आता खरं बोलायचं ठरलंय ना आपलं?"

धाकटीनं चिमट्यातल्या केसाकडे बघितलं. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. घासली तेव्हा काहीतरी जाणवलं, पण ते बोटांना जाणवलं की तिला नुसतं वाटलं, हे तिला ठरवता येईना. कानामागे काहीच आवाज नव्हता. खोलीत दिव्याची बारीक घरघर तेवढी होती.

तिनं वही ओढून घेतली आणि तारखेपुढे लिहिलं: ओढ एक.

"ताई," ती म्हणाली, "पुढच्यालाही सांगा. मी विचारायची वाट बघू नका."